उबेची जागा

१४ नोव्हेंबर

दादा,

मोठ्या भावाला लिहिताना सुरुवातीला तीर्थरूप लिहावं, असं बाबांनी शिकवलं होतं. आज ते हाताला येत नाही, म्हणून नुसतं दादा. त्याहून कमी करता येत नाही आणि जास्त करायची इच्छा नाही.

हे पत्र दोन नंबरच्या बसच्या वायपरखाली ठेवतेय. पोस्टाने पाठवलं असतं तर पाकिटावरचं अक्षर बघूनच तू ते बाजूला टाकलं असतंस. पण सगळ्या बसच्या काचा रोज सकाळी तू स्वतः पुसतोस, दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाहीस. काच पुसायची तर वायपर उचलावा लागतो, आणि वायपर उचललास की मी आहेच.

मी आत्याकडे आहे. वहिनीने सांगितलं असेल, आणि तू न ऐकल्यासारखं करून ऐकलं असशील. आत्याची खोली शाळेच्या फाटकासमोर, शिंप्याच्या दुकानावर. खिडकीतून आपल्या बसची रांग दिसते. शाळा सुटायच्या आधी अर्धा तास त्या येऊन उभ्या राहतात आणि इंजिनं चालूच असतात. आत्या त्या वेळी दोरीवरची चादर आत घेते. म्हणाली, "तुझ्या भावाच्या गाड्या आल्या की मी कपडे उचलते. घड्याळाची गरज नाही मला."

वहिनीकडून कळलं की मी सगळ्या ड्रायव्हरांसमोर माफी मागितली, तर तू अबोला सोडशील. माफी नक्की कशाची ते एकदा बघून घेऊ.

पालकसभेत ती चष्मेवाली आई उठली. म्हणाली, "मुलगा घरी येतो तेव्हा त्याच्या डब्यालासुद्धा धुराचा वास असतो. बसमध्ये धूर येतो का?" तू स्टेजवर होतास, इस्त्रीचा शर्ट घालून. म्हणालास, "मागच्या सगळ्या खिडक्यांना रबर लावून घेतलंय, धुराचा पाइप लांब केलाय. आत चिमूटभर धूर येत नाही." इथवर मी मूग गिळून बसले होते. मग तू हसून माझ्याकडे हात केलास. "माझं पटत नसेल तर माझ्या बहिणीला विचारा. रोज बसमध्ये तीच असते."

तूच विचारलंस, दादा. मी उठले नव्हते, मला उठवलंस. मी म्हणाले, "येतो. मागून नाही, पुढून येतो." एवढंच. मागे कुणीतरी म्हणालं, हा खरा घरचा आहेर, आणि लोक हसले. तुझ्या कानात ते हसू राहिलं. माझं वाक्य राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मुलांवर लक्ष ठेवायला माझ्या जागी नवीन बाई होती आणि माझी शिट्टी तिच्या गळ्यात. बाई भली दिसते, तिच्यावर माझा राग नाही. शिट्टीही राहू दे. मी नवी घेतली आहे, जुनीपेक्षा मोठ्याने वाजते.

माफी मागणार नाही.

तुझी बहीण (हे तुला काढून घेता येत नाही)


२१ नोव्हेंबर

दादा,

दोन नंबरचा वायपर काढून ठेवलास. म्हणजे पत्र वाचलंस. न वाचता कुणी वायपर काढत नाही. हे पत्र तीन नंबरला आहे. सगळेच वायपर काढायचे असतील तर खुशाल काढ, मग मी दाराच्या मुठीला दोरा बांधेन. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही असं आत्या तुला उद्देशून म्हणाली. नंतर माझ्याकडे बघून म्हणाली, दोघांनाही लागू आहे.

सभेत मला एकाच वाक्यापुरता श्वास मिळाला. आता पूर्ण सांगते.

आपल्या बसचं इंजिन पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी, लोखंडी झाकणाखाली. झाकण तापतं, म्हणून बाबांनी त्यावर घोंगडीची घडी टाकली आणि नियम केला की ज्या मुलाला बरं नसेल, सर्दी-खोकला असेल, थंडी वाजत असेल, ते तिथे बसेल. मुलं त्याला उबेची जागा म्हणायला लागली. त्या जागेसाठी खोटं खोकणारी पोरंही आपण पाहिली आहेत. तूही त्यातलाच होतास.

मग यंदा मुलं जास्त खोकायला लागली. तू मागच्या खिडक्या सील केल्यास, कारण धूर मागून निघतो हे कुणालाही दिसतं. आणि खोकणाऱ्या सगळ्यांना पुढे आणलंस. खारूताईला तर कायमचं त्या घोंगडीवर बसवलंस. मालकाची लेक, त्यात छातीने नाजूक. तिच्यावर तुझा किती जीव आहे हे मला कुणी सांगायला नको.

माझ्याकडे मुलांची नाकं पुसायला दोन पांढरे रुमाल असायचे. एक मागच्या दांड्याला, एक पुढे झाकणाच्या कडीला. मागचा रुमाल नाकं पुसून मळायचा. पुढचा नुसता लटकून काळा व्हायचा, कुणाच्या नाकाला न लावता. मी आधी साबणाला दोष दिला. मग दोन्ही रुमालांच्या जागा बदलून पाहिल्या, तरी पुढचाच काळा. शेवटी मिस्त्रीला गाठलं. तो इकडे-तिकडे बघून म्हणाला, "ताई, मी सांगितलं म्हणू नका. इंजिनाच्या पोटातला धूर सोडायची एक नळी असते. तिचं तोंड खाली, दाराच्या पायरीपाशी आहे. इंजिन चालू ठेवून दार उघडलं की धूर थेट आत. आणि झाकणाखालचं पॅकिंग तर कधीच विरून गेलंय." मी विचारलं, मालकाला सांगितलंस का? म्हणाला, "मालक म्हणाले, धूर मागून येतो. मग मी काय बोलू?"

म्हणजे आपण आजारी पोरांना आगीतून उचलून फुफाट्यात ठेवत होतो, वर घोंगडीही देत होतो.

आता तू म्हणशील, बाबा चुकले असं म्हणायचंय का तुला? तेच तुला झोंबलंय, मला ठाऊक आहे. बाबांना नळीचं माहीत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की मूल गारठलंय आणि झाकण गरम आहे. त्यांची माया खोटी नव्हती. पण माया खरी असली म्हणून धूर खोटा ठरत नाही.

एक आठव. आपण दोघं त्याच जागेवर बसून शाळेत गेलो. दोघांनाही गाडी लागायची. डोकं गरगरायचं, शाळेच्या फाटकाशी ओकायचो. सगळी शाळा हसायची, बसवाल्याची पोरं आणि त्यांनाच गाडी लागते. बाबा खिशात लिंबू ठेवायचे. मागच्या सीटवर मित्रांबरोबर बसलास त्या दिवशी तुला गाडी लागली नव्हती. घरी येऊन म्हणालास, मी मोठा झालो. दादा, तू मोठा झाला नव्हतास. तू मागे बसला होतास.

मला तीनच गोष्टी हव्यात. ती जागा बंद कर. नळी आणि पॅकिंग दुरुस्त कर. फाटकापाशी इंजिन बंद ठेव. यातली एकही माझ्यासाठी नाही.

तुझी बहीण


४ डिसेंबर

दादा,

काल तू मोटारसायकलवरून आलास, बघितलंस आणि न थांबता गेलास. अर्धंच बघून गेलास, म्हणून बाकीचं लिहिते. नाहीतर ड्रायव्हर मीठमसाला लावून सांगतील.

तू काहीच करत नाहीस म्हटल्यावर मी रोज दुपारी फाटकाशी जाऊन उभी राहते. रस्ता कुणाच्या मालकीचा नाही. बस आली की काचेवर टकटक करते आणि म्हणते, इंजिन बंद करा. पहिले काही दिवस सगळे हसले. एक नंबरवाला म्हणाला, "ताई, गरम इंजिन बंद करायचं नाही, तुमच्या बाबांचीच शिकवण." मी म्हटलं, बाबांनी ते का सांगितलं तेही ऐका. एका थंडीत त्यांची बस बंद पडली ती सुरूच होईना, आणि मुलं रस्त्यावर कुडकुडत उभी राहिली. त्या दिवशी बाबांनी शपथ घेतली. तेव्हाचा स्टार्टर म्हातारा होता. म्हाताऱ्या स्टार्टरची शिकवण आपण देवाच्या आज्ञेसारखी धरून बसलोय.

एक नंबरवाला म्हणाला, "दोन नंबरला स्टार्टर अजून तोच आहे, ताई."

हे मला खरंच माहीत नव्हतं. तुला होतं.

काल दोन नंबरच्या मामांनी चावी फिरवली. आपले सगळ्यात जुने ड्रायव्हर, आपल्या दोघांना शाळेत सोडलेले. म्हणाले, "चल, तुझ्यासाठी बंद करतो. पण सुरू नाही झाली तर?" मी म्हटलं, मी धक्का मारीन. ते पोट धरून हसले.

आणि नाहीच झाली सुरू. मुलं आत बसलेली, मामांचा चेहरा पडलेला, मागच्या बस हॉर्न वाजवतायत. मी पदर खोचला आणि मागे गेले. एकटीने बस काय हलणार? पण ती चष्मेवाली आई आली, पर्स गळ्यात अडकवून. शिंपी दुकान उघडं टाकून आला, मापाची टेप मानेत तशीच. चित्रकलेच्या बाई आल्या. मुख्याध्यापिका फाटकातून ओरडत आल्या, "हे काय चाललंय?" आणि विचारता विचारता त्यांनीही हात लावला. पुढे उतार आहेच. बस सुरू झाली. आतली पोरं टाळ्या वाजवत होती.

तू आलास तेव्हा आम्ही वाकलेलो होतो. तुला दिसलं की बाबांची बस भर रस्त्यात लोक ढकलतायत. तुझी मान खाली गेली, ती मी पाहिली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? तरी उद्या पुन्हा उभी राहणार आहे.

आज चार बस बंद होत्या. आत्याने चादर आत घेतली नाही.

तुझी बहीण


१९ डिसेंबर

दादा,

आज दवाखान्यात मी आत आले तेव्हा तू उठून बाहेर गेलास. खारूताईच्या उशाशी सुद्धा तुला अबोला आठवला. मग मी बसले. तिच्या तोंडावर वाफेचा मास्क होता आणि प्रत्येक श्वासाला तिच्या गळ्याखाली खळगा पडत होता. तिने माझं बोट धरलं होतं. बोलू शकत नव्हती, तरी हसायचा प्रयत्न करत होती. खारीसारखं सारखं काहीतरी कुरतडणारी पोर, दिवसभरात तिने बिस्किटाला तोंड लावलं नव्हतं.

डॉक्टरांनी विचारलं, "शाळेत कशी जाते?" वहिनी म्हणाली, बसने. डॉक्टर म्हणाले, "कुठे बसते?" वहिनीने दाराकडे पाहिलं, जिथे तू नव्हतास. मग म्हणाली, "पुढे. इंजिनावर. तिथे ऊब असते म्हणून."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, "किती दिवस?" वहिनीने तोंडाला पदर लावला.

तू वहिनीला सांगितलंस म्हणे की थंडीमुळे झालं. दादा, मला आज तुझा राग येतोय, असा कधी आला नव्हता. थंडीवर ढकलू नकोस. थंडी आपल्या घरची नाही, तिला बोल लावला की कुणाचं काही बिघडत नाही. पण ती नळी आपली आहे. बस आपली आहे. पोर आपली आहे.

आज सही करत नाही. कोण लिहितंय ते तुला कळतं.


९ जानेवारी

दादा,

आत्याच्या हाती निरोप मिळाला. तिने तो तुझ्या आवाजात म्हणून दाखवला, भुवया वर करून. मी कामावर परत यावं, शिट्टी मिळेल, माफीचा विषय सोडून दिला, फक्त फाटकाशी उभं राहायचं नाही. लोकांसमोर शोभत नाही.

खारूताई शाळेत जायला लागली आणि सगळ्यात मागे बसते, हे वहिनीने सांगितलं. ऐकून मी आत्याच्या स्वयंपाकघरात जाऊन रडले. आनंदाने. तू हे केलंस, कुणाला न सांगता केलंस, तू असाच आहेस.

मग आज दुपारी फाटकाशी दोन नंबरचं दार उघडलं आणि मी आत पाहिलं. घोंगडी जागेवर आहे. तिच्यावर ते न्हाव्याचं लहान पोर बसलं होतं, नाक वाहत होतं, दोन्ही हात झाकणावर ठेवून शेकत होतं. मला बघून म्हणालं, "मावशी, मला बरं नाही, म्हणून मला उबेची जागा मिळाली." केवढा खूश होता.

आपली पोर उचललीस आणि दुसऱ्याचं पोर तिथे ठेवलंस.

तू मुद्दाम केलं नसशील, हेही मला माहीत आहे. जागा रिकामी झाली, नियम बाबांचा होता, नव्या बाईने तो पाळला. पण तुला आता माहीत होतं, दादा. नोव्हेंबरात माहीत नव्हतं असं म्हणायला वाव होता. आता स्वतःच्या लेकीला हलवल्यावर नाही. खारूताईला मागे नेलंस, त्या दिवशी तू माझं म्हणणं खरं असल्याची सही केलीस. मग ती सही न्हाव्याच्या पोरालाही लागू आहे.

मी त्याला उचलून मागे बसवलं. तो रडला. त्याला वाटलं, मी त्याचा मान काढून घेतला. नव्या बाई माझ्यावर चिडल्या, "तुम्ही कोण हो?" मी म्हटलं, कुणी नाही. खरंच आहे, सध्या मी कुणी नाही. पण उद्या ते पोर पुढे दिसलं तर उद्याही उचलीन. पोलिसांना बोलवायचं असेल तर बोलव. मी त्यांनाही झाकणाजवळ उभं करून श्वास घ्यायला लावीन.

काम नको. शोभत नाही म्हणतोस, तर नाही शोभत. माझ्या तीन गोष्टी तुला पाठ असतील.

तुझी बहीण


२४ जानेवारी

दादा,

आज मामा सुट्टीवर होते आणि दोन नंबर तू स्वतः चालवत आणलीस. मला वरून, खिडकीतून दिसलं. आत्या म्हणाली, "आज नको जाऊस. भाऊ आहे गाडीवर, तोंडाला तोंड लागेल." मी म्हटलं, अडीच महिने तोंडाला तोंड लागत नाहीये, हेच तर दुखणं आहे.

मी काचेवर टकटक केली नाही. तू मला येताना पाहिलंस आणि मी पोचायच्या आत चावी फिरवलीस. तुझं बघून सगळी रांग एकदम गप्प झाली. फाटकापाशी कावळे ओरडतात हे मला आजच कळलं.

मग मुलं चढली, तू चावी लावलीस आणि बस खोकली. पुन्हा खोकली. तिसऱ्यांदा तेवढंही नाही. तुझे कान लाल झाले. बाबांचेही व्हायचे. तू दार उघडून खाली उतरलास, बसला वळसा घालून माझ्यासमोर येऊन उभा राहिलास. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत मला काहीतरी ऐकवणार. मी मान ताठ केली.

तू म्हणालास, "धक्का मार."

एवढं बोललास आणि परत जाऊन बसलास. पुढचं तुला दिसलं नाही, कारण तू स्टिअरिंगवर होतास. म्हणून हे पत्र.

चष्मेवाली आई आली, शिंपी आला, मुख्याध्यापिका तर चपला काढूनच आल्या. एक नंबरवाला स्वतःची बस सोडून आला आणि माझ्या शेजारी खांदा लावत म्हणाला, "मालकाने शिकवण मोडली, आता आमचं काय?" मी वाकायच्या आधी एकदा पायरीवर चढून आत डोकावले. घोंगडी नव्हती. झाकणावर हत्यारांची मोठी पेटी ठेवलेली, नट मारून पक्की केलेली. कडेने नवं काळं पॅकिंग. पायरीखालची नळी वळवून पार मागे नेलेली. तू कधी केलंस हे? मिस्त्री मला एका शब्दाने बोलला नाही. न्हाव्याचं पोर मधल्या सीटवर बसून पेटीकडे रागाने बघत होतं.

आणि मागच्या काचेला नाक चिकटवून खारूताई होती. आम्ही ढकलत होतो आणि ती आतून दोन्ही हातांनी काच बडवत होती, जणू तीही ढकलतेय. तोंड उघडं, ओरडत होती. काचेतून आवाज येत नव्हता, पण एवढं ओरडायला तिच्याकडे श्वास होता. मी ते बघत राहिले आणि माझे हात सुटले. शिंपी म्हणाला, "ताई, जोर लावा की." मग लावला.

बस सुरू झाली. पहिला काळा लोट सगळाच्या सगळा माझ्या तोंडावर आला. तू आरशात पाहिलंस ते मला दिसलं, आणि तू हसलास तेही. हसून घे. चेहरा धुतला, तरी भुवया अजून काळ्या आहेत. आत्या म्हणते, बाबांसारख्या दिसतात.

तू दोन शब्द बोललास. त्याचं उत्तर मी तिथल्या तिथे तोंडी देणार होते, पण तोंडात धूर होता. म्हणून इथे लिहिते.

स्टार्टर बदल.

तुझी बहीण